खरखर कुणाची

३ फेब्रुवारी

भिंगरीस,

दादाकडून जुडीभर आशीर्वाद, मोजून घे.

पत्र पाहून दचकू नकोस. घरचे सगळे ठीक आहेत. फोन न करता लिहितोय, कारण माझा घसा बसलाय आणि तुझ्या वहिनीनं माझ्या बोलण्यावर रेशन लावलंय. मेसेज करावा तर तू आठ दिवसांनी नुसता एक अंगठा पाठवतेस. त्यापेक्षा पोस्टमन बरा.

काम तुझ्या धंद्यातलं आहे. तीस वर्षं तू लोकांचे माइक नि भोंगे दुरुस्त करतेस, म्हटलं मावशीच्या लेकीलाच विचारावं. आमच्या फुलबाजाराच्या व्यवस्थापकांच्या डोक्यात आलंय की लिलावाच्या घोषणा रेकॉर्ड करून ठेवाव्यात. ‘तीन नंबरच्या ओट्यावर गुलाब आले’, ‘गाड्या मागच्या दारानं काढा’, असलं काहीबाही. आवाज अर्थातच माझा. छत्तीस वर्षं त्या पत्र्याखाली माइकशिवाय लिलाव पुकारलाय. बाजारात मला नावानं कुणी हाक मारत नाही, भोंगा म्हणतात. दुसऱ्या कुणाचा आवाज घेणार?

तर मी एक पेटी आणली. माइक तिच्यात खुपसायचा आणि तिची वायर लॅपटॉपला जोडायची. दुकानदार तिला ऑडिओ इंटरफेस म्हणाला. ‘सुरुवातीला हीच घ्या काका, स्वस्तात मस्त,’ असंही म्हणाला. दिसायला आहे मस्त, लाल पत्रा नि निळे दिवे. पण तू दिलेले ते काळे जड हेडफोन लावले, तर मी शेजारच्या घरात बोलतोय असं वाटतं. आवाजाची खुंटी शेवटपर्यंत फिरवली तरी तेच. रेकॉर्ड झालेलं ऐकावं, तर मागे सारखं सूंऽऽ. आणि सगळ्यात विचित्र म्हणजे माझाच शब्द माझ्या कानात क्षणभर उशिरा येतो. मी ‘शेवंती’ म्हणून पुढे गेलो तरी कानात अजून ‘वंती’ चाललेलं असतं.

काम जरा निकडीचं आहे. मार्चच्या पहिल्या आठवड्यात संपवायचंय. काय करू ते लिही, आणि तुझंही चार ओळी कळव.

तुझा, सध्या कमी आवाजातला,
दादा


७ फेब्रुवारी

दादा,

तुझं पत्र आलं तेव्हा मी एका शाळेचा भोंगा उघडून बसले होते. म्हटलं, आता आपल्या घराण्यातला खरा भोंगाही दुरुस्तीला आला.

विचारायचं होतं तर पेटी घेण्याआधी विचारायचंस. असो. तुझी पेटी वाईट नाही, गरीब आहे. असल्या पेट्या बनवणारे सगळा खर्च दिसेल तिथे करतात, पत्र्यावर आणि दिव्यांवर. माइकमधून येणारा बारीकसा आवाज मोठा करायचा आणि हेडफोनला जोर द्यायचा, ही खरी कामं आत होतात, आणि नेमका तिथेच हात आखडलेला असतो. मग आवाज वाढवायला गेलं की त्याच्याबरोबर पेटीचा स्वतःचा श्वासही वाढतो. तुझं सूं ते हेच.

यावर जुना उपाय आहे. पेटीनं आवाज मोठा करायच्या आधी तूच मोठा कर. माइकचा आवाज वाढवणारी, गेन लिहिलेली खुंटी पाऊण ठेव आणि मोकळ्या गळ्यानं, बाजारात बोलतोस तसा बोल. घसा सुटला की तीन-चार दिवस सकाळी तासभर करून बघ. उशिराचं मग बघू. त्यानं रेकॉर्डिंग बिघडत नाही, नुसता कानाला त्रास.

थोडं रेकॉर्ड करून मेमरी कार्ड मला पाठव. ऐकल्याशिवाय मी कुठल्याच यंत्राला नाव ठेवत नाही.

माझं काय, चाललंय. सध्या बाहेरची कामं घेत नाही, दुकानात बसूनच जे होईल ते करते. वय झालं म्हण.

वहिनीला सांग, रेशन चालू ठेव.

भिंगरी


१३ फेब्रुवारी

भिंगरीस,

सांगितलंस तसं केलं. सूं मागे पडलं खरं, पण प्रत्येक मोठा शब्द फाटलेला निघाला, जाड कापड टरकन फाडावं तसा. पेटीवर त्यासाठी एक लाल दिवा आहे, पण तो शब्द फाटून गेल्यावर लागतो. चोर गल्ली ओलांडून गेला की भुंकणाऱ्या कुत्र्यासारखा. तीन दिवस सकाळी तास-तासभर पुकारलं. चौथ्या दिवशी घशातून आवाजच निघेना. तुझी वहिनी त्यावर दिवसभर माझ्याशी बोलली नाही. मी तसाही बोलत नव्हतो, त्यामुळे घरात चांगलीच शांतता होती.

आता हळू बोलतोय. मोठ्यानं बोलावं तर फाटतं, हळू बोलावं तर बुडतं.

सोबत कार्ड आहे. वीसेक वाक्यं आहेत, हाताला लागली ती. वाक्यांकडे लक्ष देऊ नकोस, आवाजाकडे दे.

आणखी एक. हे तुझ्या धंद्यातलं नाही, तरी लिहितो. मी अडखळायला लागलोय. एका श्वासात अकरा बोल्या पुकारणारा माणूस मी, आणि आता चार शब्दांचं वाक्य म्हणताना तिसऱ्या शब्दाला जीभ गचके खाते. ‘दार लावून घ्या’चं ‘दार दार ला लावून’ होतं. घरात बोलणं बंदच असल्यामुळे एरवीही होतं की नाही, कळायला मार्ग नाही. तू वय झालं म्हणालीस, मग माझं तर कधीच झालं.

दादा


१७ फेब्रुवारी

दादा,

कार्ड तीन वेळा ऐकलं.

पहिल्यांदा तू म्हणालास तसं, फक्त आवाजाकडे लक्ष देऊन. सूं पेटीचं आहे. त्याच्याखाली एक बारीक गुणगुण आहे, ती लॅपटॉपच्या चार्जरची. अशा पेट्या वीज लॅपटॉपकडूनच घेतात, आणि विजेबरोबर तिची घाणही घेतात. चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड केलंस की ती जाईल.

दुसऱ्यांदा ऐकताना आणखी एक खरखर सापडली. प्रत्येक शब्दाच्या सुरुवातीला, वाळूवरून पेटारा ओढावा तशी. खुंटीत धूळ गेली की असं होतं, म्हणून मी एका ओळखीच्या दुकानातून अगदी तुझ्यासारखीच पेटी मागवली. खुंटी शंभरदा फिरवली, वायर वाकवली, चार माइक बदलले. मला ती खरखर काही काढता आली नाही, म्हणजे माझ्या पेटीतून ती येईचना.

मग तिसऱ्यांदा ऐकलं, वाक्यांकडे लक्ष देऊन. ‘मला कूस बदलायची आहे.’ ‘दिवा राहू दे.’ ‘आज जरा बरं वाटतंय.’ ‘डॉक्टरांना बोलवा.’

दादा, फुलबाजारात कूस कोण बदलतं?

घरी फोन लावला. वहिनीनं उचलला. मी विचारलं. ती ‘त्यांनाच लिहू दे’ म्हणाली आणि फोन ठेवला.

ती खरखर कुणाची आहे?

भिंगरी


२० फेब्रुवारी

भिंगरी,

माझी.

गळ्यात गाठ आहे. ऑक्टोबरपासून आवाज घोगरा होता. फुलांचा पराग असेल, पत्र्याखालची धूळ असेल, असं म्हणत मी तीन महिने काढले. जानेवारीत तुझ्या वहिनीनं जवळजवळ धरून नेलं. नळी घालून पाहिलं, तुकडा काढून तपासला. स्वरयंत्र पूर्ण काढायचंय, तारीख बारा मार्च. डॉक्टर चांगले आहेत, आडपडदा ठेवत नाहीत. म्हणाले, माणूस वाचेल, आवाज वाचणार नाही. नंतर दुसऱ्या तऱ्हेनं बोलता येतं, पण ते सगळ्यांना जमतंच असं नाही, आणि तो आवाज हा नसतो.

रुग्णालयात बोलण्याचे उपचार करणाऱ्या एक बाई आहेत. वयानं माझ्या लेकीएवढ्या, शिस्तीनं माझ्या शाळेतल्या मास्तरांएवढ्या. त्यांनी सांगितलं की तीनशे वाक्यं स्वच्छ मिळाली, तर संगणक त्यांतून माझा आवाज बनवून ठेवेल. मग मी टाइप करायचं आणि त्यानं माझ्यासारखं बोलायचं. वाक्यांची यादी त्यांचीच. रेकॉर्ड केलेलं वाक्य त्यांच्याकडे जातं, आणि मागे सूं असलं, फाटलेलं असलं, अडखळलेलं असलं की परत येतं. दोन आठवडे झाले. एकेचाळीस वाक्यं पास झालीत.

डॉक्टरांनी मला रोज चाळीस मिनिटं बोलायला दिलीत. उरलेला दिवस गप्प. बाजाराच्या घोषणा हे मी तुला मारलेली थाप.

आता जे लिहितो ते तुझ्या वहिनीलाही माहीत नाही, आणि डॉक्टरांनाही सांगितलेलं नाही. हे अडखळणं मला गाठीचं वाटतंय. ती वर चाललीय, जिभेकडे नाहीतर डोक्याकडे. आवाज जाणार हे मी एकवेळ गिळलं. पण शब्दही जाणार असतील तर यंत्राला तरी मी काय सांगणार? डॉक्टरांना सांगितलं तर बारा तारखेला आणखी काय काय काढतील कोण जाणे, म्हणून गप्प आहे.

तुझ्यापासून का लपवलं? तू पहिल्या गाडीनं आली असतीस आणि माझ्याशी हळू आवाजात बोलली असतीस. इथे आता सगळेच माझ्याशी हळू बोलतात. दूधवालासुद्धा. तुझ्या पत्रात मला कुणीतरी झापत होतं. मला ते हवं होतं.

दादा


२३ फेब्रुवारी

दादा,

झापणं हवं होतं ना, मग घे. जी गोष्ट डॉक्टरांना सांगायची ती माइक दुरुस्त करणाऱ्या बाईला कोण सांगतं? उद्याच्या उद्या त्यांना सांग. आणि वहिनीला आजच.

पण त्याआधी हे वाच. तुझं पत्र वाचल्यावर मी ती तुझ्यासारखी पेटी पुन्हा जोडली. हेडफोन लावले, आणि माझा शब्द मला तुझ्यासारखाच उशिरा ऐकू येईल असं केलं. मग माझ्या दुकानाचा पत्ता म्हणायला लागले. तीस वर्षं दिवसातून दहादा सांगते तो पत्ता, आणि दुसऱ्याच शब्दाला माझी जीभ अडली. पुन्हा केलं, पुन्हा अडली. शेजारच्या शिंपीणबाईंना बोलावलं. त्यांच्या तोंडाला आजवर कुणी लगाम घातलेला नाही. त्यांना म्हटलं, तुमच्या पाच नातवंडांची नावं घ्या. तिसऱ्या नातवापाशी त्या अडखळल्या, आणि हेडफोन फेकून माझ्यावरच चिडल्या, की हे काय जादूटोणा करून ठेवलंयस.

माणूस बोलतो ते स्वतःचं ऐकत ऐकत. ते ऐकणं उशिरानं यायला लागलं की जीभ वाट बघत थांबते, आणि मग चुकते. आवाज माइकमधून पेटीत, पेटीतून लॅपटॉपमध्ये आणि तिथून फिरून पुन्हा कानात येतो, त्या फेरीत तो उशीर होतो. स्वस्त पेट्यांत जास्तच होतो. मी डॉक्टर नाही, त्यांना विचारायचंच. पण पत्र खाली ठेव, हेडफोनशिवाय एक वाक्य म्हण, आणि काय होतं ते बघ.

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की उशिराचं मग बघू. दोन आठवडे तू घाबरून काढलेस ते माझ्या त्या एका ओळीमुळे. मोकळ्या गळ्यानं ओरड म्हणाले, ते तर त्याहून वाईट. तुझ्या घशाचे तीन दिवस मी वाया घालवले. मला माहीत नव्हतं हे खरं, पण ‘घसा बसलाय’ असं तू पहिल्याच पत्रात लिहिलं होतंस, आणि दुरुस्तीवाल्यानं आधी गिऱ्हाइकाचं ऐकायचं असतं.

हेडफोनचा दोषही माझाच. मी दिलेले ते स्टुडिओतले आहेत. त्यांना हलवायला जोर लागतो, आणि तुझ्या पेटीच्या अंगात तेवढा नाही. सायकलवरून कपाट न्यायला लावल्यासारखं झालं. तुला स्वतःचं ऐकू येईना, म्हणून तू गळा ताणत राहिलास.

या पार्सलात हलके हेडफोन आहेत, ते या पेटीला झेपतात. एक माइक आहे, तो तुझ्या माइकपेक्षा तीक्ष्ण कानाचा आहे, त्यामुळे गेनची खुंटी अर्ध्याच्या पुढे न्यावी लागणार नाही. दोन्ही माझ्या इथल्या पेटीवर तपासलेत. तोंडापासून चार बोटांवर ठेव, जरा बाजूला, म्हणजे श्वास थेट त्याच्यावर आदळणार नाही. पेटीच्या पुढच्या बाजूला हेडफोनचं चित्र असलेलं बारीक बटण आहे ते दाब. मग तुझा आवाज लॅपटॉपची फेरी न मारता सरळ कानात येईल, उशीर होणार नाही. चार्जर काढ, फ्रिज बंद कर, आणि जेवणाच्या टेबलापलीकडच्या माणसाशी बोलावं तेवढंच बोल.

आता मी पहिल्या गाडीनं का येत नाही ते. डिसेंबरात त्या शाळेच्या भिंतीवर भोंगा चढवताना शिडीवरून पडले. नडगीचं हाड दोन ठिकाणी मोडलंय. अजून काठ्यांवर आहे. तू दयेच्या भीतीनं लपवलंस, मी वहिनी डबे घेऊन येऊन बसेल या भीतीनं. फिटंफाट.

भिंगरी


२ मार्च

भिंगरी,

हे पत्र मी लिहितेय, वहिनी. यांना लिहायलाही वेळ नाही आणि मला राहवत नाही.

पार्सल बुधवारी आलं. यांनी आधी तुझं पत्र वाचलं, मग डोक्यावरचे हेडफोन काढून ठेवले आणि म्हणाले, ‘खिडकी उघडी राहू दे, वारा चांगला येतोय.’ एका दमात. पुन्हा म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणाले. मला वाटलं खरंच खिडकी उघडायचीय, म्हणून मी उठले, तर खाली बसून रडत होते. मग त्यांनी सांगितलं तेव्हा मला कळलं की हे दोन आठवडे मनात काय घेऊन वावरत होते. मी इतकी चिडले की रडायचं राहूनच गेलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी जीभ तपासली, मान तपासली, आधीचे फोटो पुन्हा पाहिले. गाठ आहे तिथेच आहे.

आता रोज सकाळी अकराला आमची शाळा भरते. झोपायच्या खोलीच्या दाराला गादी टेकवतो. फ्रिज बंद करतो. एकदा परत लावायला विसरले, दोन लिटर दूध नासलं. तू लिहिलंस की टेबलापलीकडच्या माणसाशी बोलावं तेवढंच बोल, म्हणून मी पलीकडे बसते. हे माझ्याकडे बघून वाक्य म्हणतात. बाजारामुळे हे पहाटे जायचे, दुपारी येऊन झोपायचे, असे आम्ही समोरासमोर कधी बसलोच नव्हतो. चाळीस मिनिटं कमी पडतात.

कालपर्यंत एकशे अठ्ठ्याऐंशी वाक्यं पास झाली.

यादी वाचून मात्र मला राग आला. सगळी आजारी माणसाची वाक्यं. पाणी द्या, दुखतंय, उशी सरकवा. मी त्या बाईंना म्हटलं, मला घरात रुग्ण नकोय, नवरा हवाय, त्याची वाक्यं कुठायत? त्या हसल्या. म्हणाल्या, तुम्हीच लिहा. मग मी लिहून दिली. ‘एवढ्यात निघायचं? आत्ता तर आलो.’ ‘चष्मा तुझ्या डोक्यावरच आहे.’ ‘मला विचारून घेतलं होतं का?’ हे शेवटचं म्हणताना हे इतके हसले, की ते वाक्य नापास झालं. चार वेळा म्हणावं लागलं.

पाय कसा आहे? डबे पाठवणारच आहे, लपवून काही उपयोग झाला नाही.

तुझी वहिनी


६ मार्च

भिंगरीस,

तीनशे चार. आज सकाळी पार केली.

बाईंनी संगणकावर आवाज बनवून पहिल्यांदा ऐकवला. मी ‘शेवंतीच्या वीस जुड्या’ असं टाइप केलं, आणि तो बोलला. मी ते कधी रेकॉर्ड केलेलं नाही. मी तोंड मिटून बसलोय आणि मीच बोलतोय. तेच आणखी दोनदा टाइप करून ऐकलं.

आता एक प्रश्न आलाय, आणि तो तुझ्याशिवाय कुणाला विचारू कळत नाही. बाई म्हणाल्या, तुमच्या आवाजात आजारामुळे आलेली खरखर संगणकावर बरीचशी काढता येते. काढू का? नमुना ऐकवला. गुळगुळीत, स्वच्छ. चाळिशीत मी साधारण असा बोलत असेन. मला मोह झाला, खोटं कशाला सांगू. आपण आजारी पडलोच नव्हतो असं वाटलं. तुझी वहिनी ऐकत होती. ती म्हणाली, ‘हे गृहस्थ कोण?’

ती तसं म्हणाली, पण मला ठरवता येत नाही. लेकीला दूरदेशी फोनवर विचारलं, तर ती म्हणते, तुम्हाला आवडेल ते करा. तू जन्मभर लोकांच्या आवाजातली खरखर काढलीयस. तू सांग. अकरा तारखेला सकाळी बाईंना कळवायचंय, बाराला मी आत जाणार.

आणि माझी भीती विचारशील, तर आहे. पण पूर्वीसारखी एकट्याची नाही.

दादा


१० मार्च

दादा,

पोस्टावर विश्वास नाही म्हणून हे पत्र आज तुमच्या बाजाराला फुलं घेऊन निघालेल्या गाडीच्या ड्रायव्हरकडे देतेय. त्याला सांगितलंय, भोंग्याच्या घरी जाऊन त्याच्या हातात द्यायचं. त्यानं नाव विचारलंसुद्धा नाही.

गिऱ्हाइकांना वाटतं, खरखर म्हटली की काढायचीच. तसं नसतं. सूं पेटीचं होतं, गुणगुण चार्जरची होती, अडखळणं त्या उशिराचं होतं. त्यातलं काहीच तुझं नव्हतं, म्हणून काढलं. ही तुझी आहे. गेल्या महिन्यात मी तुझ्या सगळ्या खरखरी वेगळ्या करत बसले होते आणि शेवटी हातात ही एकच उरली. हिच्याच आवाजात तू वहिनीला खरं सांगितलंस, आणि हिच्याच आवाजात तीनशे चार वेळा तिच्याकडे बघून बोललास.

ती काढलीस तर आवाज चांगला होईल, आणि वहिनी रोज एका गृहस्थांबरोबर जेवेल. राहू दे ती खरखर.

उद्यापर्यंत बोलून घे. रेशन मोडलंस तरी मी डॉक्टरांना सांगणार नाही.

मी इथे आहे.

भिंगरी


२६ एप्रिल

भिंगरीस,

माझ्या हातचं पहिलं मोठं पत्र. मधल्या चिठ्ठ्या धरू नकोस, त्या गुंगीत लिहिल्या होत्या.

शस्त्रक्रिया सात तास चालली. गाठ पूर्ण निघाली. मानेतल्या बाजूच्या ग्रंथी स्वच्छ आहेत, असं तपासणीत आलंय. आता गळ्याला पुढून एक भोक आहे, श्वास तिथून घेतो. पहिले दहा दिवस फार वाईट गेले, त्यांचं वर्णन करत नाही. खोकला आला की नेहमीचा आवाजच होत नाही, हे कळायला वेळ लागतो.

खरखर ठेवली. घरी आलो त्या दिवशी लेकीचा फोन आला. मी टाइप केलं, ‘जेवलीस का?’ यंत्र बोललं. ती नेहमीसारखी सांगत सुटली, काय केलं होतं, काय जळलं, आणि मधेच थांबली. मग फोन तुझ्या वहिनीनं घेतला.

यंत्राचे दोषही सांगतो, तू विचारशीलच. ते रागावत नाही. मी कितीही जोरात बटणं दाबली तरी एकाच सुरात बोलतं, त्यामुळे भांडणात तुझ्या वहिनीचा सलग विजय होतोय. आणि फार सावकाश. मागच्या आठवड्यात बाजारात गेलो होतो. सगळे भोवती जमले. नवा लिलावदार मला म्हणाला, एक बोली तुम्ही पुकारा. मी टाइप करेपर्यंत माल विकून गाडीत चढलाही होता. खूप हसलो. म्हणजे ते हसले, मी खांदे हलवले. लिलाव काही मी आता पुकारणार नाही. सकाळी दोन तास जाऊन नव्या माणसाच्या शेजारी बसतो, माल बघून कागदावर भाव लिहून देतो. व्यवस्थापकांना ते चालतंय, मलाही चालेल असं वाटतं.

पण तुला लिहायचं होतं ते हे. डॉक्टरांनी आत एक छोटी झडप बसवलीय. गळ्यावरच्या भोकावर बोट दाबून धरलं की हवा वर जाते आणि त्यातून आवाज काढायचा असतो. त्या बाई तीन आठवडे शिकवत होत्या. माझी नुसती हवा जायची. शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांना चौथ्या दिवशी जमलं, मला जमेना. बाई म्हणाल्या, तुम्ही जोर करता, जोर नका करू. छत्तीस वर्षांची सवय, कशी जाणार? मी आशा सोडल्यात जमा होती.

शुक्रवारी दुपारी मी पेपर वाचत बसलो होतो. तुझी वहिनी आत भांडी घासत होती. यंत्र पलंगावर राहिलेलं, उठायचा कंटाळा आला. सहज बोट गळ्यावर ठेवलं आणि म्हणालो, ‘चहा टाकतेस?’

आवाज निघाला, भिंगरी. जाड, ओबडधोबड, कुठून तरी खालून आलेला. ना माझा जुना, ना यंत्राचा. मला तो ओळखू आला नाही, पण शब्द सगळे होते. मी तसाच बसून राहिलो, बोट गळ्यावर.

आतून तुझी वहिनी म्हणाली, ‘काय म्हणालात? पाणी चालू आहे, जरा मोठ्यानं बोला.’

तिच्या लक्षातच आलं नव्हतं. चार महिने या घरात कुणी मला मोठ्यानं बोला म्हणालं नव्हतं.

मी मोठ्यानं बोललो. आतलं पाणी बंद झालं.

दादा